दार दिसेल अशी जागा

अभिनंदनच्या डोक्याला ती पट्टी सुनेत्राने स्वतःच्या हातांनी बांधली. पट्टी कपाळावरून जाऊन कानांच्या मागे बसायची. मध्ये केस आले तर नोंद नीट होत नसे, म्हणून तिने त्याच्या कानशिलावरचे पिकलेले केस बोटाने मागे सारले आणि घट्ट होतंय का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. मग तिने त्याच्या डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवला, आणि सांगलीतल्या ‘मगदूम आणि मगदूम’ या छोट्याशा वास्तुरचना कार्यालयाच्या मागच्या रिकाम्या खोलीत तिचा नवरा सावकाश चालू लागला.

तो ज्या जागेत चालत होता ती अजून बांधलेलीच नव्हती. मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयाला आपल्या जुन्या वाहनतळावर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा बांधायचा होता. मिरजेला दवाखान्यांसाठी कोल्हापूर, सोलापूर, थेट बेळगाव-अथणीपासून माणसं येतात. एक आजारी आणि त्याच्याबरोबर घरचे तिघे-चौघे. आजारी माणसाला खाट मिळते, बाकीचे व्हरांड्यात, जिन्याखाली, गाड्यांच्या सावलीत चटया टाकतात आणि वाट बघतात. अलीकडे उन्हाळे इतके कडक झाले होते की दुपारी कचेऱ्या बंद ठेवायचा नियम आला होता, आणि वाट बघणाऱ्यांपैकीच काहींना उष्माघाताने भरती करावं लागलं होतं. म्हणून विश्वस्तांनी हे काम काढलं. सुनेत्राच्या आयुष्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम होतं असं ती स्वतःच म्हणायची.

विश्वस्तांची एक अट होती. आराखडा कागदावर सुंदर दिसून चालणार नव्हता, तो ‘ठाव’वर तपासलेला हवा होता.

‘ठाव’ हे त्या पट्टीचं नाव. तिच्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. आपल्या मेंदूत खोलवर काही पेशी फक्त जागा ओळखण्याचं काम करतात. नव्या ठिकाणी पाऊल टाकलं की त्या नकाशा काढू लागतात. दार कुठे, भिंत कुठे, पाठीमागे काय आहे, उठून जायचं झालं तर कुठून. नकाशा जमेपर्यंत शरीर सावध असतं. श्वास वरच्या वर चालतो, नजर भिरभिरते. नकाशा जमला की मेंदूची लय बदलते, श्वास आणि नाडी त्या लयीशी जुळवून घेतात, आणि माणूस त्या जागेत विसावतो. काही जागांत हे पटकन होतं, काही जागांत वर्षानुवर्षं होत नाही.

हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. पण मेंदूचं ते क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपायला पूर्वी खोलीएवढं यंत्र लागायचं आणि ते भयंकर थंड ठेवावं लागायचं. मग साध्या तापमानाला चालणारे, तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक निघाले आणि ते कापडी पट्टीत शिवता आले. त्याला न बांधलेली इमारत डोळ्यांपुढे उभी करणारा चष्मा जोडला, की झाला ‘ठाव’. पडद्यावर एक रेघ उमटायची. माणूस सावध असेल तोवर ती वर थरथरत राही, विसावला की खाली येऊन संथ वाहू लागे. तोंडाने माणूस काहीही म्हणो, त्याचा रेघेवर परिणाम होत नसे.

कार्यालयात या कामाचे दोन आराखडे तयार झाले होते. पहिला सुनेत्राचा. तिने रुग्णालयाकडे पाठ करणारी एक शांत बाग आखली होती. आत शिरलं की ती औषधांची, चिंतेची इमारत दिसेनाशी व्हायची. समोर झाडं, पाण्याचा बारीक पाट आणि वळत जाणारी ओसरी. दुसरा तस्नीमचा. तस्नीम मुजावर ही मिरजेचीच मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिला निवडलं होतं ते सुनेत्रानेच, आणि निवडताना अभिनंदनला सांगितलं होतं की ही पोरगी मोठी होणार. तस्नीमच्या आराखड्यात बागच नव्हती. जाड छपराखाली वेगवेगळ्या उंचीचे रुंद कट्टे, प्रत्येक कट्ट्याला पाठ टेकायला भिंत, आणि सगळे कट्टे किंचित तिरके, रुग्णालयाच्या दाराकडे तोंड करून. दिसायला ते ओबडधोबड होतं.

अभिनंदन आधी सुनेत्राच्या बागेत हिंडला. मध्येच थांबून त्याने हात पुढे केला, जणू पाण्याच्या पाटाला लावायला. “छान झालंय,” तो म्हणाला. पडद्यावरची रेघ मात्र शेवटपर्यंत वरच थरथरत राहिली.

मग तो तस्नीमच्या कट्ट्यांमध्ये गेला. थोडं चालला आणि चष्म्यात जिथे कट्टा दिसत होता तिथे ठेवलेल्या लाकडी बाकावर जाऊन बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं. त्याचे खांदे उतरले. रेघ खाली आली आणि कृष्णेचं उन्हाळ्यातलं पाणी वाहावं तशी वाहू लागली. तो काहीच बोलला नाही. तस्नीमने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

सुनेत्राने पट्टी सोडताना चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. “चांगलं आहे, तस्नीम,” ती म्हणाली. “छताचे सांधे अजून बघायला हवेत.”

कोल्हापूरला शिकत असल्यापासून सुनेत्रा आणि अभिनंदन एकत्र होते. ती आखायची, तो उभं करायचा. ठेकेदार, सिमेंट, महापालिकेच्या परवानग्या हे सगळं त्याचं. पण प्रत्येक आराखडा पुरा झाला की ती तो आधी त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याच्या “छान झालंय”ची वाट बघायची. त्या दोन शब्दांवर तिने बंगले, शाळा, एक वाचनालय आणि स्वतःचं राहतं घर बांधलं होतं. बक्षिसं मिळाली तेव्हाही तिला त्या दोन शब्दांएवढा आनंद झाला नव्हता. आता तिला कळेना, या इतक्या वर्षांच्या “छान”मध्ये खरं किती होतं.

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. कार्यालय म्हणजे एकच लांब दालन होतं. खिडकीशी तिचं टेबल, दुसऱ्या टोकाला तिच्याकडे तोंड केलेलं अभिनंदनचं, आणि मध्ये तस्नीमचं. अभिनंदन मान वर करून बघायचा तेव्हा तो कोणाकडे बघतो, हे आजवर तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिचं तेवढ्याकडेच लक्ष असे. तस्नीमने डब्यातून आणलेली खिमा-कचोरी त्याने चाखून पाहिली नव्हती, तो जैन घरातला. पण तिच्या आईने केलेल्या आवळ्याच्या मोरंब्याची त्याने दोनदा चौकशी केली, तर ते सुनेत्राला कुढायला दिवसभर पुरलं. दोघं मिरजेला जागा बघायला गेले आणि उशिरा परतले तेव्हा तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तस्नीमला तिने कुपवाडच्या बसथांब्यांच्या कामावर टाकलं. घाई आहे, असं कारण दिलं. तस्नीमने आपले कागद आवरले आणि बसथांबे आखायला बसली.

एका रविवारी दुपारी रस्ते उन्हाने ओस पडले असताना सुनेत्रा एकटीच कार्यालयात आली. अभिनंदनला तिने काही कागद आणायचे आहेत असं सांगितलं होतं. मागच्या खोलीत बसून तिने त्याच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून उघडल्या.

प्रत्येक माणसाची लय वेगळी असते, म्हणून ‘ठाव’ वापरण्याआधी आपल्या सवयीच्या जागी पट्टी बांधून थोडं वावरायचं असतं. ती पहिली नोंद पाया म्हणून धरली जाते. तिघांनीही ती आपापल्या घरी केली होती, निदान सुनेत्राचा तसा समज होता. अभिनंदनची घरची नोंद तिथे होती. सुनेत्राने आखलेल्या, ज्याची छायाचित्रं मासिकांत छापून आली त्या घरातली. रेघ वर थरथरत होती, आणि तिच्याखाली यंत्राने आपल्या कोरड्या भाषेत शेरा दिला होता: ‘ही जागा वापरणाऱ्याच्या सवयीची दिसत नाही. कृपया दुसरी निवडा.’

त्याने दुसरी निवडली होती. घरच्या नोंदीनंतर त्याने कार्यालयातल्या आपल्या टेबलाशी बसून पुन्हा पट्टी बांधली होती, आणि तिथली रेघ निर्मळ होती. याबद्दल तो तिला एक शब्द बोलला नव्हता.

सुनेत्रा त्या दोन रेघा शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. घरात तो परका होता आणि इथे, या दालनात, निवांत. इथे काय होतं जे घरी नव्हतं? उत्तर मधल्या टेबलावर होतं असं तिला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते हलेना. ती उठली, स्वतःच पट्टी बांधली आणि तस्नीमचा आराखडा सुरू केला. त्यात काय आहे ते तिला बघायचं होतं, म्हणजे खरं तर त्यात काही नाही हे बघायचं होतं.

ती कट्ट्यांमधून चिडून चालली. इथे पायरी उंच, तिथे खांब आडवा, असं मनात टिपत गेली. मग एका कोपऱ्यात बाक लागला तशी बसली. पाठीला खोलीची भिंत होती. छपराच्या सावलीतून रुग्णालयाचं दार सरळ दिसत होतं, आणि दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र ती चटकन दिसली नसती. समोरच्या कट्ट्यावर मुद्दाम काही केलेलं नव्हतं. तिथे कोणीही आपली चटई टाकावी, आपलं गाठोडं ठेवावं. किती वेळ गेला तिला कळलं नाही. पट्टी काढून तिने पडद्याकडे पाहिलं तेव्हा तिची रेघ खाली येऊन संथ झालेली होती. अभिनंदनच्या रेघेपेक्षाही लवकर आलेली.

तिने यंत्र बंद केलं, जिन्याचं दार आपटून लावलं आणि घरी गेली.

विश्वस्तांच्या बैठकीला दोन्ही आराखडे न्यायचं ठरलं होतं. सुनेत्राने आदल्या दिवशी तस्नीमला बोलावून सांगितलं की तिचा आराखडा आगीच्या नियमांत बसत नाही, यावेळी राहू दे.

“मॅडम, बसतो तो नियमात,” तस्नीम म्हणाली. “तुम्हीच तपासून सही केली होती.”

सुनेत्राने पुन्हा बघू एवढंच म्हटलं आणि फोन उचलला.

बैठकीत पडद्यावर एकच बाग आली. अभिनंदन तिच्या शेजारी बसला होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग शेवटपर्यंत समोर पाहत राहिला. विश्वस्तांच्या प्रमुख डॉ. वसुधा नाडगौडा या निवृत्त शस्त्रवैद्य होत्या. त्यांना बाग आवडली, पण त्या म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात इथेच, खरोखर वाट बघत असलेल्या नातेवाइकांना हिंडवून बघू आणि मग ठरवू.

ते घरी आले. दुपारच्या बंदमुळे खिडक्या लावलेल्या होत्या. सुनेत्रा आपल्या अभ्यासिकेत जाऊन बसली. ती खोली तिने घराच्या मागच्या बाजूला, दोन भिंतींच्या आड, कोणाचा आवाज येऊ नये अशी आखली होती. अभिनंदन दारात येऊन उभा राहिला. तस्नीमचं काम का दाखवलं नाहीस, असं त्याने विचारलं. तिने आगीचा नियम सांगितला. तो म्हणाला, मला तरी हे नको सांगू.

“तुला तिचं आवडलंय,” सुनेत्रा म्हणाली.

“हो.”

“आणि ती?”

तो इतका गोंधळला की तिला क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण आता मागे जाता येत नव्हतं. रविवारी कार्यालयात जाऊन नोंदी पाहिल्याचं तिने सांगितलं. घर त्याच्या सवयीचं नाही, कार्यालय आहे, आणि कार्यालयात तस्नीम बसते, हे सगळं ती एका दमात बोलली. तो आत येऊन जमिनीवरच बसला.

“मला तुझं मन मोडायचं नव्हतं,” तो म्हणाला. “घर सुंदर आहे. लोक बघायला येतात. पण सुनेत्रा, या घरात कुठेही बसलो तरी तू दिसत नाहीस. दिवाणखान्यातून नाही, स्वयंपाकघरातून नाही. तू आहेस की बाहेर गेलीस, कळायला मला उठून यावं लागतं. कार्यालयात मान वर केली की खिडकीशी तू असतेस.”

“मध्ये ती असते.”

“असेल. मी कधी बघितलं नाही.”

तो खोटं बोलत नव्हता, हे कळायला तिला पट्टीची गरज नव्हती. तिने या घरातल्या प्रत्येक माणसाला एकांत दिला होता आणि तो मोठा उपकार केला असं समजून चालली होती. तिला रडू आलं. अभिनंदन उठून तिच्या खुर्चीच्या हातावर बसला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दुपारपुरतं सगळं मिटल्यासारखं झालं.

पण मिटलं होतं ते अर्धंच. नवऱ्याबद्दलचा संशय गेला आणि खालचं उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी तस्नीम कार्यालयात आली, बसथांब्याची रेघ आखायला वाकली, आणि सुनेत्राला तेच पुन्हा टोचलं. त्यात आता अभिनंदनचा काहीच संबंध नव्हता. या मुलीला जे सहज सुचलं ते आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही, एवढंच होतं. संशयाला निदान उत्तर मिळालं होतं. याला उत्तर नव्हतं. अभिनंदनने दोनदा तिच्या आराखड्याचा विषय काढला आणि दोन्ही वेळा तिने चाचणी होऊ दे, असं म्हणून टाळलं. लोक बाग निवडतील, अशी तिला आशा होती. लोकांना झाडं आवडतात.

चाचणी रुग्णालयाच्या सभागृहात झाली. वाट बघत असलेल्यांपैकी जे तयार झाले त्यांना एकेक करून पट्टी बांधली जात होती. अथणीकडची गंगव्वा नावाची एक म्हातारी होती. तिच्या मुलावर मोठी शस्त्रक्रिया होऊन तो अतिदक्षता विभागात होता. ती आधी हसत होती, चष्मा घालून सिनेमा दाखवता का, असं विचारत होती. बागेत शिरल्यावर झाडं बघून ती खूश झाली, पाण्याशी वाकली. सुनेत्रा पडद्यापाशी उभी होती.

मग गंगव्वाने मागे वळून पाहिलं. तिथे ओसरीचं वळण होतं. ती दुसऱ्या बाजूला गेली, तिकडे झाडं होती. ती भरभर चालू लागली आणि रेघ एकदम उसळली.

“दार कुठं गेलं?” ती म्हणाली. “बाई, दार कुठं गेलं? माझ्या पोराचं नाव पुकारलं तर मला कसं कळायचं?”

हे खरं नाही, तुम्ही सभागृहात आहात, असं चाचणी घेणारा तरुण सांगू लागला; पण तिला ते ऐकू येत नव्हतं. ती हात पुढे करून त्या नसलेल्या बागेत धडपडत होती. सुनेत्राच पुढे धावली. तिने गंगव्वाच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पट्टी सोडवली आणि तिचे दोन्ही हात धरले. हात थंडगार आणि ओले होते. गंगव्वाने सभागृहाच्या उघड्या दारातून पलीकडे दिसणारी रुग्णालयाची पायरी पाहिली आणि मग कुठे तिचा श्वास खाली बसला. सुनेत्रा तिला तिथवर घेऊन गेली. पायरीवर तिच्याजवळ बसली. तिच्या मुलाचं नाव काय, काय करतो, हे विचारत राहिली. ऊस तोडायचा, मग गाडी चालवायला शिकला, असं ती सांगत होती आणि सांगताना तिची नजर दारावरून हलत नव्हती.

आपण या बाईला शांतता देणार होतो, सुनेत्राला वाटलं. हिला शांतता मिळाली असती ती फक्त ज्या दाराकडे आपण पाठ केली त्या दारासमोर. आणि हे आपल्याला रविवारी कळलं होतं. त्या कट्ट्यावर बसल्या बसल्या कळलं होतं, तरी आपण दार आपटून घरी गेलो.

ती आत गेली आणि डॉ. नाडगौडांना म्हणाली की आमच्याकडे दुसरा आराखडा आहे, तो याहून बराच चांगला आहे आणि तो मागच्या बैठकीत मी आणला नाही. त्यांनी का, असं विचारलं. सुनेत्राने सांगितलं की तो माझा नव्हता म्हणून. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि गुरुवारी घेऊन या म्हणाल्या.

कार्यालयात तस्नीम एकटीच होती. सुनेत्रा तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली, जे ती कधी करत नसे. तिने चाचणीत घडलं ते सांगितलं आणि गुरुवारी तुझं काम तूच मांडायचं, असं म्हणाली. तस्नीमने सांगितलं की पुण्याच्या एका मोठ्या कार्यालयाने तिला बोलावलंय आणि या आठवड्यात कळवायचं आहे.

“मला तुझा हेवा वाटतो,” सुनेत्रा म्हणाली. “अजूनही वाटतोय. उद्या जाईल असंही नाही.”

“मला माहीत आहे,” तस्नीम म्हणाली. “मॅडम, तुम्ही रविवारी माझ्या कट्ट्यांवर बसला होतात. नोंद आपोआप साठते. सोमवारी मी यंत्र उघडलं तेव्हा दिसली. इतकी लवकर खाली आलेली रेघ मी कोणाचीच बघितली नव्हती. आणि तरी तुम्ही बैठकीला तो नेला नाहीत. त्याचा मला फार राग आला. पुण्याला त्या रात्रीच हो कळवणार होते.”

“मग का नाही कळवलंस?”

“राग होता, पण ती रेघही होती. ज्या बाईची तशी रेघ येते तिच्याकडे अजून शिकण्यासारखं असेल, असं वाटलं. बसथांबे मात्र मी आता करणार नाही.”

सुनेत्राला हसू आलं. बसथांबे मी करते, ती म्हणाली.

गुरुवारी तस्नीमने आराखडा मांडला. नातेवाइकांची चाचणी पुन्हा झाली. गंगव्वाही पुन्हा यायला तयार झाली, मात्र यावेळी तिने सुनेत्राचा हात सोडला नाही. कट्ट्यावर बसल्यावर तिने दार पाहिलं आणि गुडघे चोळत मुकाट बसून राहिली. तिची रेघ हळूहळू उतरली. तिचा मुलगा पुढे वाचला आणि काठी टेकत घरी गेला, हे सुनेत्राला डॉक्टरबाईंकडून कळलं.

बांधकाम पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला संपलं. उद्घाटन झालं, वर्तमानपत्रात तस्नीमचं छायाचित्र आलं आणि सुनेत्राने ते पान नीट घडी करून ठेवण्याऐवजी रद्दीत टाकलं. मग दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. छापलेल्या मजकुरात आपलं नाव कितव्या ओळीत आहे हेही तिने बघितलं. तस्नीम काम पुरं होईपर्यंत थांबली आणि मग पुण्याला न जाता तिने मिरजेतच स्वतःचं कार्यालय काढलं. शहरातली दोन कामं सुनेत्राच्या हातून तिच्याकडे गेली. एकाबद्दल सुनेत्राला वाईट वाटलं, दुसऱ्याबद्दल फारच.

एका सकाळी छताची एक पन्हळ गळतेय म्हणून रुग्णालयातून निरोप आला. अभिनंदन निघाला, सुनेत्राही बरोबर गेली. तस्नीम आधीच येऊन थांबली होती. ती दोघं दाराजवळ उभी राहून वर बोटं दाखवत बोलू लागली. सुनेत्रा कट्ट्यांमध्ये शिरली. जागा भरलेली होती. वाळत घातलेली लुगडी, उघडलेले डबे, झोपलेली पोरं, कोणीतरी खांबाला बांधलेली झोळी. यातलं काहीच आराखड्यात नव्हतं आणि सगळं जागच्या जागी वाटत होतं. एका कट्ट्यावर कडेला थोडी जागा होती, तिथे ती बसली.

तिकडे तस्नीम काहीतरी म्हणाली आणि अभिनंदन मान मागे टाकून हसला. सुनेत्राला टोचलं. त्याच जागी, तसंच. ती उठली नाही.

शेजारी एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. तिने सुनेत्राच्या स्वच्छ साडीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“तुमचं कोण हाय आत?”

“आत कोणी नाही,” सुनेत्रा म्हणाली. “ते तिथं दारापाशी उभे आहेत ना, उंच, ते माझे.”

बाईने डोळे बारीक करून अभिनंदनला नीट न्याहाळलं.

“धड दिसत्यात की.”

“हो,” सुनेत्रा म्हणाली, “धड आहेत.”

बाईने आपलं गाठोडं उचलून पलीकडे ठेवलं आणि जागा करून दिली. सुनेत्राने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि पाठ भिंतीला टेकवली.